नवतपातली पाहुणी

दिवाळी अंकासाठी कूलरवर लिहा, असं सांगणारा माणूस भंडाऱ्याचा नसणार हे मी फोनवरच ओळखलं. दिवाळीत आमच्याकडे कूलर हा विषयच नसतो. तो तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळून गच्चीच्या कोपऱ्यात पडलेला असतो. कोणी त्यात कांदे ठेवतात, कोणी जुनी रद्दी. एका मास्तरांच्या कूलरमध्ये तर मांजरीनं पिल्लं घातली होती आणि पिल्लं मोठी होईपर्यंत मास्तरांनी मला कूलरला हात लावू दिला नाही. पण संपादक म्हणाले, तुमचं आयुष्य ज्यात गेलं तेच लिहा. आयुष्य खरोखर त्यातच गेलं, तेव्हा दुसरं लिहिणार तरी काय?

आमचं घराणं विणकरांचं. अड्याळला वडिलांचा हातमाग होता. मला तो काही जमला नाही. धागा तुटला की माझाही धीर तुटायचा. वडिलांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग स्वतःच भंडाऱ्याला एका मोटर बांधणाऱ्याच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथून पुढे बसस्टँडकडच्या रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान झालं आणि मी गावाचा कूलरवाला वसंताभाऊ झालो.

ज्यांनी आमचा कूलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचा मोठा चौकोनी डबा असतो. पुढे पंखा, आणि बाकी तीन बाजूंना जाळीच्या चौकटी. त्या चौकटींत लाकडाचं बारीक गवत नाहीतर वाळा भरलेला असतो. त्यांना आम्ही ताट्या म्हणतो. खाली पाणी आणि पाण्यात छोटासा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपत खाली येतं, आणि पंखा बाहेरची झळ त्या ओल्या ताट्यांतून ओढून खोलीत गार करून सोडतो. एवढंच. फक्त एक पथ्य आहे. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. खिडकी लावून घेतली की थोड्या वेळात भिंतींना पाणी सुटतं आणि बेडरूमचं न्हाणीघर होतं.

बाहेरगावाहून बदलून आलेला माणूस पहिल्या वर्षी खिडकी लावतोच. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून लावतो. यात त्याची काही चूक नाही. मी स्वतः एकदा ठाण्याला मेहुण्याकडे जाताना कौतुकानं कूलर घेऊन गेलो होतो, ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून. तिथल्या दमट हवेत तो लावला आणि रात्रीतून मेहुण्याच्या उशा ओल्या झाल्या, पापडाच्या डब्याला बुरशी आली. मेहुणा अजून लग्नकार्यात ती गोष्ट रंगवून सांगतो. तेव्हापासून मी नवख्या माणसाला हसत नाही. म्हणजे त्याच्यासमोर हसत नाही.

नवख्यांचे नमुने मात्र फार पाहिले. एका साहेबांच्या आईला बरेच दिवस वाटत होतं की मुलगा भंडाऱ्यात जेवतो, म्हणजे कुठल्यातरी देवळाच्या पंगतीत. ती बिचारी फोनवर विचारायची, "अरे, रोज रोज कसा भंडारा असतो तिकडे?" दुसऱ्या एका बाई मुंबईहून आल्या. कूलरच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून त्यांनी मला इतका त्रास दिला की मी त्यांच्या पंख्याला तीनदा तेल घातलं आणि एकदा नवीन बुश बसवला. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. महिन्याभरानं त्यांचाच फोन आला की इकडे फार शांत आहे, झोप लागत नाही, तुमच्या दुकानातला एखादा कूलर लावून त्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवता का? पाठवला. चांगला खडखडणारा शोधून पाठवला.

आम्हा गावच्या लोकांचंही तसं काही सरळ नाही. बाहेरच्यानं "काय हो हे ऊन" म्हटलं की आम्हाला आतून बरं वाटतं. लगेच म्हणतो, "हे काहीच नाही जी, यंदा तं ऊनच नाही." हे वाक्य मी दर मे महिन्यात ऐकत आलो आहे, आणि तेही डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेल्या माणसाकडून. हाच माणूस डिसेंबरात कानटोपी घालून वर शाल पांघरून शेकोटीपाशी बसतो, आणि समोरून एखादे पुण्याकडचे साहेब अर्ध्या बाहीच्या शर्टात शीळ घालत जातात. तेव्हा आम्ही म्हणतो, आजारी पडतील हे.

यातही आमचा खास अभिमान म्हणजे नवतपा. मे संपता संपता सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हाचे पहिले नऊ दिवस. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला आणि धान चांगलं, असं शेतकरी मानतात, त्यामुळे त्या उन्हाला शिव्या द्यायच्या तरी जपून देतात. मला त्या दिवसांत जेवायला फुरसत नसायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या घरी ती पाहुणी आली.

त्याची सुरुवात सुहासपासून झाली. सुहास चिपळूणकडचा मुलगा, बँकेत बदली होऊन आलेला. एप्रिलमध्ये दुकानात आला तो हातात उशी घेऊन. उशी पिळली असती तर पाणी निघालं असतं. मी कुठे तरी ताट्या भरायला गेलो होतो, दुकानात माझी मुलगी पल्लवी बसली होती. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, सुट्टीच्या दिवशी दुकान सांभाळते. तिनं उशीकडे पाहिलं आणि विचारलं, "खिडकी लावून झोपता?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, "उघडी ठेवा." काम संपलं. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

पण त्यानंतर सुहासचा कूलर जितका बिघडला तितका बिघडणारा कूलर मी पाहिलेला नाही. कधी पंपाची वायर निघालेली, कधी ताटी उलटी बसवलेली, कधी टाकीत साबण. तक्रार सांगायला तो नेमका सुट्टीच्या दिवशी यायचा. मी आपला कंपनीला नावं ठेवत होतो. एक दिवस माझी बायको सुमन म्हणाली, "तुमाले खरंच समजत नाही का जी? कूलर चांगला हाये. पोरगा बिघडला."

पोरगा चांगला होता, आणि पल्लवीच्याही मनात होतं. माझी ना नव्हती. अडचण होती ती सुहासच्या आईची. सुहासला भंडारा आवडला होता, त्याला इथेच राहायचं होतं. आणि त्याच्या आईनं, मंदाताईंनी, ऐकलं होतं की तिकडे माणूस भाजून निघतो. त्यांनी मुलाला सांगितलं, "मी आधी ते गाव आणि ती माणसं बघेन, मग काय ते बोलू." पल्लवीनंही आपलं सांगून टाकलं होतं. "त्यांच्या आईचं मन मोडून मी त्या घरात जाणार नाही बाबा. त्या नाही म्हणाल्या तं नाही." म्हणजे सगळं त्या बाईंच्या एका भेटीवर आलं होतं.

मी म्हटलं, त्यांना दिवाळीनंतर बोलवू. तेव्हा हवा गार असते, धान घरात आलेलं असतं, गावोगावी मंडई भरते. आमची मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, दिवाळीनंतरची जत्रा. रात्रभर दंडारीची सोंगं-गाणी असतात, नाटकं असतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. त्या दिवसांत आमचं गाव इतकं देखणं दिसतं की कोणीही पोरगा देऊन टाकेल. पण पल्लवीला ते पटलं नाही. "ऊन लपवता येते का बाबा? अन् आता लपवलं तं पुढं त्यायले मी काय सांगू?"

तेवढ्यात मंदाताईंनी स्वतःच दिवस ठरवला. त्यांची आंब्याची बाग. आंबे उतरवून झाले की पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांना सवड. म्हणजे मेची अखेर, म्हणजे नेमका नवतपा. पल्लवीला न सांगता मी त्यांना फोन केला.

"ताई, जरा थांबून आल्या तं बरं होईन. त्या दिवसात आमच्या इकडे नवतपा लागते."

"नवतपा म्हणजे?"

"नऊ दिवस राहते जी. लहान-मोठे सगळेच पाळतात. दुपारचं कोणी घराबाहेर पडत नाही, तेलकट-तिखट खात नाही, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय बाया निघत नाही. लय कडक राहते. तुमाले जमणार नाही."

मग त्या म्हणाल्या, "असं असेल तर मला यायलाच हवं." मी चक्रावलो. मनात म्हटलं, बाई जिद्दीची दिसते.

सुहासनं त्यांना सकाळी ऊन चढायच्या आत आमच्याकडे आणून सोडलं. बँकेत तपासणी चालू होती, त्याला सुट्टी नव्हती. तो संध्याकाळी येणार होता. मंदाताई ठेंगण्या, काटक, डोक्यावरून पदर घेतलेल्या. आंब्याची पेटी त्यांनी स्वतः उचलून आत आणली. पदर बघून सुमन खूश झाली.

मी आदल्या दिवशीच कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या भरल्या होत्या. घरभर वास दरवळत होता. पंख्याच्या बरोबर समोर, जिथे वारा सगळ्यात गार लागतो, तिथे खुर्ची मांडली होती. इतकी वर्षं लोकांचे कूलर लावले, पण त्या दिवशीइतकं मन लावून नाही. मंदाताईंनी खुर्चीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात सतरंजीवर जाऊन बसल्या.

"ताई, इकडे या ना, हवा लागन."

"नको, मी इथेच बरी."

सुमननं पाण्याचा तांब्या आणला. मंदाताईंनी त्याला हात लावला, नमस्कार केल्यासारखं केलं आणि बाजूला सरकवून ठेवला. "असू दे." चहा आला, तो नको. पोहे आले, ते नको. कैरीचं पन्हं केलं, तेही नको. "माझी अजिबात काळजी करू नका, मला सवय आहे," इतकंच म्हणाल्या.

आता हे आमच्याकडे फार मोठं असतं. सोयरीक पाहायला आलेला माणूस घरचं पाणी प्याला नाही तर त्याचा अर्थ शेजारच्या पोरांनाही कळतो. तोंडानं नाही म्हणायचा वाईटपणा नको, म्हणून पाण्याला नाही म्हणायचं. सुमन स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती. पल्लवी खाली मान घालून तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच पुन्हा निवडत. आणि पाहुणी उपाशी असताना घरच्यांनी खायचं कसं? त्यामुळे आमच्यापैकीही कोणी पाण्याला हात लावला नाही. जेवायची वेळ झाली, टळून गेली. पाहुणी आमच्याकडे बघायची, आम्ही पाहुणीकडे.

मी कूलरचा वेग वाढवला. तोंड त्यांच्या कोपऱ्याकडे वळवलं. त्या आणखी बाजूला सरकल्या. खरं सांगतो, पोरीच्या दुःखाबरोबर मला कूलरवाला म्हणूनही वाईट वाटलं. माझ्या हातच्या हवेपासून पळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुपारी सुमन गच्चीवर कुरड्या काढायला निघाली तर मंदाताई म्हणाल्या, मीही येते. अशा उन्हात नका येऊ म्हणून सुमननं विनवलं. त्या आल्याच. खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि हातात एक वाळलेली कुरडई होती. "सकाळी घातलेली दुपारी वाळली," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "आमच्याकडे आठवडा लागतो." मला वाटलं, झालं. आता या चिपळूणला जाऊन सांगतील की तिथे कुरडई अशी वाळते तर माणसाचं काय होत असेल.

तेवढ्यात त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि हळूच खाली बसल्या. घेरी आली होती. पल्लवी धावली, तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, नाडी पाहिली, ओला फडका कपाळावर ठेवला. मंदाताईंनी डोळे उघडले. सुमनचा बांध फुटला.

"ताई, आमची पोरगी तुमाले पसंत नसन तं तसं सांगा. आम्ही काही म्हणणार नाही. पण पानी प्या. जीव जाईन तुमचा."

मंदाताई उठून बसल्या. "पसंत नाही असं कोण म्हणालं?"

"मंग सकाळपासून आमच्या घरचं पानी काहून नाही प्याल्या?"

"अहो, कशी पिऊ?" मंदाताई म्हणाल्या. "तुमचं नवतपा चालू आहे ना? सगळं घर कडक उपाशी. तुम्ही काही घेतलं नाही, भाऊंनी नाही. ही एवढीशी मुलगी, सकाळपासून बघतेय, थेंब नाही घेतला तिनं. आणि मी पाहुणी म्हणून एकटीच पन्हं पीत बसू? गार हवेत बसू? उद्या हे घर आमचं व्हायचं, त्याचं व्रत मी मोडू?"

सुमन माझ्याकडे वळली. "तुम्ही यायले फोन केला होता?"

मी मान डोलावली.

"काय सांगितलं?"

मी सांगितलं. नऊ दिवस राहते, सगळे पाळतात, तेलकट खात नाही, लय कडक राहते. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं की आपण काय सांगून बसलो होतो. पल्लवीनं ओढणीत तोंड लपवलं. ती रडत असावी असं मला वाटलं, पण तिचे खांदे वेगळेच हलत होते.

"ताई," मी म्हटलं, "नवतपा म्हंजे उपास नाही जी."

"मग? देव कोणता त्याचा?"

"देव नाही. ऊन हाये. नुसतं ऊन. मेच्या आखरीचे नऊ दिवस जास्त तपते, त्याले नवतपा म्हणते."

मंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या. "नुसतं ऊन? पूजा वगैरे काही नाही?"

"नाही."

"मग तुम्ही लोक नऊ दिवस करता काय?"

"कूलरपुढं बसतो," मी म्हटलं.

पहिल्यांदा सुमन हसली. मग मंदाताई. बसल्या जागी हसता हसता त्या पल्लवीच्या खांद्यावर कलंडल्या. डोळ्यांतून पाणी, पदर खांद्यावर घसरलेला. "आणि मी गाडीतसुद्धा काही खाल्लं नाही हो," त्या म्हणत होत्या, "म्हटलं व्रताच्या घरी जायचं, रिकाम्या पोटी जावं." मला हसू आवरत नव्हतं. ज्या बाईला मी उन्हाची भीती घालून थोपवत होतो, ती आमचं सगळंच्या सगळं ऊन आमच्यासाठी सोसायला तयार होऊन आली होती. माणसाच्या मनाचा असा मोठेपणा मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

मी त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं, पंख्याच्या बरोबर समोर. वाऱ्याचा पहिला झोत अंगावर आला तशी त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "हा वास कसला?" त्यांनी विचारलं. वाळ्याचा, मी म्हटलं. त्यांनी खुर्ची आणखी पुढे सरकवून घेतली.

सुमन लगबगीनं माठातलं पाणी घेऊन आली. एकच तांब्या भरून आणला होता तिनं, घाईत. मंदाताईंनी तो दोन्ही हातांत घेतला, ओठापर्यंत नेला आणि थांबल्या. दाराशी उभ्या असलेल्या पल्लवीकडे त्यांनी पाहिलं.

"अजून एक तांब्या आणा," त्या सुमनला म्हणाल्या. "माझ्या सुनेनंही सकाळपासून पाणी घेतलेलं नाही."